काळजाला फोडणी

नागनाथच्या कपाळावर आणि दंडावर लालसर गाठी उठल्या, तेव्हा सुभद्राबाईनं फारसं मनावर घेतलं नाही. नवरा देखणा आहे असा दावा तिनं तसाही कधी केला नव्हता. पण कातडीचा तुकडा तपासून गुलबर्ग्याच्या डॉक्टर विजयश्रींनी ‘सार्कॉइड’ असं नाव सांगितलं. हा आजार कधी कधी हृदयातही शिरतो, म्हणून हृदयाचं स्कॅन होईपर्यंत जीप चालवायची नाही, असं बजावलं. निंबर्गा ते आळंद प्रवाशांची जीप हाकणं हाच नागनाथचा धंदा आणि हीच हौस. तो दारात बसून उभ्या जीपकडे बघायचा आणि सुभद्राबाईचं आतडं तुटायचं.

स्कॅनचं पथ्य ऐकून मात्र गडी हरखला. आदल्या दिवशी मटण, अंडी, तूप हवं तेवढं. भाकरी, भात, साखर अजिबात नाही. धान्य किंवा गोड पोटात गेलं की निरोगी हृदयही फोटोत चमकतं आणि दुखणं ओळखू येत नाही.

"असलं पथ्य जन्मभर सांगा की!" नागनाथ म्हणाला.

सुभद्राबाईनं तवा बाजूला ठेवला आणि जीव ओतून मटण केलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या माणिकप्पानं त्यांना त्यांच्याच जीपमधून उपाशीपोटी गुलबर्ग्याला नेलं.

फोटोत अख्खं हृदय दिवाळीसारखं उजळलेलं! सुभद्राबाईनं नवऱ्याचा दंड घट्ट धरला. डॉक्टर विजयश्री मात्र पडद्याकडे बघत राहिल्या.

"आजार सहसा असा सगळीकडे सारखा दिसत नाही. काल काय खाल्लं?"

"निस्तं मटन, डॉक्टरबाई. भाकरीचा तुकडा बी दिला न्हाई."

"रस्सा कशात केला?"

"येसरात की! मूठ मूठ घालून चांगला दाट केला."

"येसरात काय असतं?"

"जवारी, बाजरी, डाळ भाजून मसाल्यासंगं दळायचं..." बोलता बोलता तिचा हात तोंडावर गेला. "अगं बाई! पीठच की वो ते!"

नागनाथ खो-खो हसला. "मी हितं भ्यायलोय आन् तू काळजाला फोडणी द्यायलीस व्हय?"

पुढच्या आठवड्यात पुन्हा स्कॅन ठरलं. या खेपेला तिनं मटण नुसत्या तेलामिठात शिजवलं.

"चवच न्हाई याला," तो कुरकुरला.

"गप गिळा," ती म्हणाली.

या वेळी फोटोत हृदयाच्या जागी नुसता काळोख होता. कुठंच काही पेटलेलं नव्हतं.

"हृदयात काही दिसत नाही," डॉक्टर हसून म्हणाल्या. "गाठींना औषध देते. जीप चालवा खुशाल."

बाहेर येऊन माणिकप्पानं किल्ली नागनाथच्या हातात ठेवली. नागनाथ जागेवर बसला, पण दिवसभर प्रवाशांना हाका मारणाऱ्या त्या माणसाच्या तोंडून शब्द फुटेना. मग सुभद्राबाईच डोळे पुसत खिडकीतून वाकली आणि भर रस्त्यात ओरडली, "आळंद, निंबर्गा! चला, चला!"

आणि दोन बाया खरंच पिशव्या घेऊन आत चढल्या.