न वाचता दाबलेले 'होय'

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे आणि मला केसांची किळस येते. मित्रांनो, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेले बरे, कारण माझे सगळे आयुष्य केसांच्या दुकानात गेले.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र खोलीत झाला. तिथले कामगार डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले असत, नुसते डोळे तेवढे दिसत. हवासुद्धा गाळून आत सोडत. एवढे चोचले कशाला, असे तुम्हाला वाटेल. तर माझ्या पोटात आरशासारख्या गुळगुळीत चकत्या आहेत. त्या गरागरा फिरतात आणि त्यांच्यावरून एक इवलासा हात न टेकता सरकतो, लिहितो आणि वाचतो. तो हात आणि चकती यांच्यातले अंतर तुमच्या डोक्यावरच्या केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी असते. तिथे एक केस शिरला, की माझा खेळ खलास. म्हणून मला पुसून, झाकण घट्ट लावून, चकचकीत पिशवीत घालून बाहेर पाठवले. माझ्याइतके स्वच्छ जगात कुणी नाही, अशा तोऱ्यात मी निघाले.

आणि पोचले कुठे, तर विगच्या दुकानात!

दुकान मावशीचे. ती नेमकी कुणाची मावशी आहे कोण जाणे, पण सगळे तिला मावशीच म्हणतात. आजारपणामुळे, भाजल्यामुळे किंवा वयामुळे ज्यांचे केस गेले, त्यांच्यासाठी ती विग बनवते. जाळीच्या टोपीत बारीक आकड्याने एकेक केस ओवते. काम नाजूक आणि मावशीच्या हाताला तोड नाही, हे मी नाकारत नाही. पण तो पसारा! टेबलावर केसांचे जुडगे, खुर्चीवर केस, चहाच्या कपात केस. ज्या संगणकात मला बसवले तो टेबलाच्या खाली, म्हणजे कापलेले सगळे केस थेट त्याच्या डोक्यावर. पंख्यात केसांचा असा बोळा अडकला होता, की पंखा दम लागलेल्या माणसासारखा घरघरायचा. वर डब्यावर चिकटवायच्या डिंकाची बाटली. डिंक ओघळायचा आणि त्यावर केस चिकटायचे. शी! आठवले तरी मळमळते.

मला डोळे नाहीत. कान मात्र तिखट आहेत, आणि माझ्यावर जे लिहिले जाते ते मला दिसते. दिसायचे ते तरी काय? एका फाइलचे नाव 'नवीन', दुसरीचे 'नवीन नवीन', तिसरीचे 'शेवटचे' आणि चौथीचे 'शेवटचे खरे'. एकच फोटो चार ठिकाणी. कपाटात कपडे कोंबायचीसुद्धा काहीतरी रीत असते हो!

तरी मी इमानाने काम केले. मावशीकडे केसांचा रंग मोजणारे एक छोटे यंत्र होते. ते संगणकाला जोडले की केसाची नेमकी छटा कळायची. माझे दोन भाग केलेले होते. पुढच्या भागात संगणक चालवणारी सिस्टीम राहायची आणि मागच्या भागात गिऱ्हाइकांच्या केसांच्या छटा आणि चारही बाजूंनी काढलेले फोटो. "माझा सगळा धंदा या डब्यात आहे," असे मावशी कौतुकाने म्हणायची. म्हणायची आणि त्याच डब्यावर चहाचा कप ठेवायची.

एक दिवस गणिताच्या बाई आल्या. त्या शाळेत शिकवतात. त्यांचे उपचार सुरू व्हायचे होते आणि त्यात केस जाणार, असे डॉक्टरांनी आधीच बजावले होते. म्हणून केस जागेवर होते तेव्हाच त्या फोटो काढून घ्यायला आल्या. विग करायला घ्यायचा तो उपचार संपल्यावर, डोक्याचे माप घेऊन.

"मावशी, मागून नीट काढा हं," बाई म्हणाल्या. "वर्गाला मी मागूनच जास्त दिसते. अख्खं आयुष्य फळ्याकडे तोंड करून गेलंय माझं."

"काढते की. मान जरा खाली घ्या."

"आणि एक गंमत सांगू? मी फळ्याकडे वळले की मागे कुणीतरी खुसखुसतं. दर वर्षी पोरं नवी, पण खुसखुस तीच. कशाला हसतात, ते काही मला आजवर कळलं नाही."

मावशीने कॅमेऱ्याचे बटण दाबले. फोटो माझ्यावर उतरले तेव्हा मला कळले. बाईंच्या मानेवर केसांची एक बट चिमणीच्या शेपटीसारखी वर उभी होती. किती गबाळेपणा, असे मला वाटले. कंगवा मिळत नाही का घरात? पण मला कोण विचारतो!

"मी शाळेत परत जाईन ना," निघताना बाई म्हणाल्या, "तेव्हा पोरांनी मला गणित विचारलं पाहिजे. डोक्याकडे बघत बसता कामा नये. एवढं करा माझ्यासाठी."

"तुम्ही निर्धास्त जा," मावशी म्हणाली. मग तिने नेहमीप्रमाणे कॅमेऱ्यातले फोटो पुसून टाकले. आता ते फक्त माझ्याजवळ होते.

बाई उपचार घेत होत्या आणि इकडे दुकानात भावोजी अवतरले. भावोजी म्हणजे मावशीचे दीर. जेवण झाले की दुकानात येऊन बसतात आणि जगातले सगळे त्यांना कळते. हातात कायम काहीतरी तळलेले. तीच बोटे कीबोर्डवर. ते येण्याआधी त्यांच्या बोटांचे तेल पोचते, अशी त्यांची तऱ्हा.

"वहिनी, ही सिस्टीम कुठल्या जमान्यातली? नवी टाकू या. कॉम्प्युटर कसा पळेल बघा!"

"काही बिघडणार नाही ना?"

"मी आहे ना!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. नवी सिस्टीम आली. तिने मध्येच एक सविस्तर प्रश्न विचारला: 'मागच्या भागाची मांडणी नव्या पद्धतीने करायची का? तसे केल्यास जुन्या सिस्टीमला हा भाग वाचता येणार नाही.' भावोजींना पहिल्याच ओळीला जांभई आली.

"काहीतरी विचारतोय, वहिनी."

मावशीच्या दातांत पिना होत्या. "हो म्हणा आणि मोकळे व्हा," ती तशीच म्हणाली.

भावोजींनी 'होय' दाबले! माझा मागचा भाग नव्या पद्धतीने मांडला गेला. फोटो सगळे शाबूत होते, फक्त ते कुठे आहेत हे शोधायची रीत बदलली होती.

संगणक पळाला तर नाहीच, उलट रांगायला लागला. वर रंग मोजायचे यंत्र नव्या सिस्टीममध्ये चालेना. मावशीचे काम अडले. तेव्हा भावोजींनी फतवा काढला, "मग परत जुनी टाकू, त्यात काय!" माझा पुढचा भाग पुसून तिथे जुनी सिस्टीम पुन्हा बसवली. यंत्र सुरू झाले. भावोजींनी विजयाने काहीतरी कुडुमकुडुम चावले. मग मावशीने फोटो उघडायला सांगितले.

फोटो उघडेनात. जुन्या सिस्टीमला नवी मांडणी वाचताच येईना. तिच्या लेखी माझ्या मागच्या भागात नुसता कचरा भरलेला होता. मला कचरा म्हणाली ती! त्या केसाळ दुकानात एकच स्वच्छ वस्तू होती, तिला!

'या भागात चुका आहेत. दुरुस्त करू?' असे तिने विचारले. भावोजींनी न वाचता होय दाबले. पुढे जे झाले त्याची मला अजून शिसारी येते. जे नीट होते तेच चुकीचे समजून ती उपटत सुटली. एका फोटोचा तुकडा दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात. मी कुरकुरले, टकटक आवाज केला, जेवढे ओरडता येते तेवढे ओरडले.

"ऐका, काम चाललंय आत!" भावोजी म्हणाले.

त्यानंतर दुसरा प्रश्न आला: 'हा भाग वापरण्याआधी पूर्ण पुसून कोरा करावा लागेल. पुसू?'

"पुन्हा विचारतोय. हो म्हणू ना, वहिनी?"

तेवढ्यात दार वाजले. आलेल्या माणसाचा आवाज बारीक झालेला होता, पण मी ओळखला.

"थांबा! प्रश्न पूर्ण वाचलात का?"

गणिताच्या बाई आल्या होत्या. उपचार संपले होते आणि त्या माप द्यायला आल्या होत्या.

"असंच काहीबाही विचारत असतं हो ते," भावोजी म्हणाले.

"मोठ्याने वाचा."

आणि भावोजी, एवढा बाप्या माणूस, वर्गात उभे केल्यासारखे वाचू लागले. "हा भाग... वापरण्याआधी... पूर्ण पुसून... कोरा..."

"काय आहे या भागात?" बाईंनी विचारले.

"तुमचे फोटो," मावशी म्हणाली. "बाई, दुसरीकडे कुठेच नाहीत हो ते."

स्कार्फ सोडून पुन्हा बांधल्याची सळसळ मला ऐकू आली. ते केस आता बाईंच्या डोक्यावर नव्हते. ते जगात होते तर एका तेलकट बोटाच्या अंतरावर, माझ्यात होते.

"नाही दाबा," बाई म्हणाल्या. "आणि आता कुणीही कशाला हात लावू नका."

मावशी स्वतः डबा उचलून दुरुस्तीवालीकडे घेऊन गेली. दुरुस्तीवालीने डबा उघडला आणि मागे सरली. "अगं आई गं! हा कॉम्प्युटर आहे की उशी?" आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या मनातले बोलले. तिने चिमट्याने पंख्यातला बोळा ओढला. तो निघतच राहिला, निघतच राहिला. मग तिने मला मऊ फडक्याने पुसले. मी धन्य झाले.

"आता हिच्यावर एक अक्षरही लिहायचं नाही," सगळी कहाणी ऐकून ती म्हणाली. "आधी हिची जशीच्या तशी नक्कल काढते. जे काही प्रयोग करायचे ते नकलेवर."

"मी डोक्याचा साचा करते, तसंच की," मावशी म्हणाली. "कापणं, टोचणं सगळं साच्यावर. माणसाच्या डोक्याला हात नाही."

"मग ही अक्कल घरच्या कॉम्प्युटरला का नाही लावली?"

मावशी डब्यावरचा वाळलेला डिंक नखाने खरवडू लागली.

नक्कल तयार झाल्यावर दुरुस्तीवालीने ती नवी सिस्टीम असलेल्या संगणकाला जोडली. मागचा भाग लगेच उघडला. नव्या सिस्टीमने मांडलेले नव्या सिस्टीमला वाचता येते, इतकी सरळ गोष्ट! तिने फोटो बाहेर काढले आणि जुन्या पद्धतीने मांडलेल्या दुसऱ्या डिस्कवर भरले. पण भावोजींच्या 'दुरुस्ती'ने जे व्हायचे ते झालेच होते. बाईंच्या समोरच्या फोटोंत कपाळापासून वर नुसते राखाडी पट्टे होते.

दुकानात बाई आल्या तेव्हा मावशी रडकुंडीला आली होती. "समोरचे गेले, बाई. 'हो म्हणा' असं मीच म्हणाले होते. विश्वासानं आलात आणि मी केसाने गळा कापला तुमचा."

"समोरचे माझ्या फोनमध्ये ढीगभर आहेत," बाई म्हणाल्या. "मागून माझा फोटो दुसरं कोण काढणार? तो आहे का?"

"आहे."

"दाखवा बघू."

मावशीने फोटो उघडला. मग बाई हसायला लागल्या, त्या खोकला येईपर्यंत. "म्हणजे ही! ही शेपटी! या शेपटीला हसत होती होय कार्टी, इतकी वर्षं!" हसता हसता त्यांचा आवाज ओला झाला.

"मी ती नीट बसवते हं," मावशी घाईने म्हणाली. "विग मागून कसा सपाट करते बघा."

"खबरदार! उभी राहू दे. होती तशी."

माझे काम तिथेच संपले. हिचा आता भरवसा नाही, असे दुरुस्तीवालीने सांगितले होते. मावशीने मला जपून ठेवायचे ठरवले आणि गुंडाळले कशात, तर विगच्या जाळीत! आता मी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये पडून असते. सोबतीला गंजक्या पिना आणि दात पडलेले कंगवे. डब्यावर आता चहा ठेवत नाहीत, एवढे मात्र झाले. भावोजी अजून येतात, पण हात धुऊन येतात. पडद्यावर काही उमटले की खडा आवाज लावून शेवटच्या शब्दापर्यंत वाचतात.

शाळा उघडली त्या संध्याकाळी बाई नवा विग घालून दुकानात आल्या.

"काय झालं?" मावशीने दारातच विचारले.

"काही नाही झालं. हजेरी घेतली. मागच्या बाकावरच्यानं अपूर्णांक विचारले. मग मी फळ्याकडे वळले, तारीख लिहायला खडू टेकवला..."

"आणि?"

"मागे खुसखुस झाली. तीच."

मग दोघींचे नाक ओढणे सुरू झाले. मला ओलाव्याचेही वावडे आहे, पण त्या दिवशी मी गप्प राहिले.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्या जातीचे कुणीतरी डब्यात बसलेले असेल. त्याच्याजवळ कुणाचे तरी असे काही असते, जे दुसरीकडे कुठेच नसते. त्याची एक नक्कल आजच काढून वेगळी ठेवा. आम्ही प्रश्न विचारला तर तो पूर्ण वाचा, आणि कळला नाही तर खुशाल 'नाही' दाबून शहाण्या माणसाला विचारा. आणि कधी या ड्रॉवरपाशी आलात, तर माझ्या अंगावर एक लांब केस पडला आहे, तेवढा उचला. आधी हात धुवा.