तपासणीच्या दिवसापुरती

मी मागची सीट बोलतेय. गाडीतली नव्हे, गॅरेजच्या भिंतीला उभी टेकवलेली. उभं राहून पाठ धरलीय, तेव्हा थोडक्यात सांगते. रडगाणं गाणाऱ्यांतली मी नाही.

मी तिघांना पुरेल एवढी ऐसपैस. गाडी वेगाची, पण घरच्यांना पोटात घेऊन पळणारी. मुलगा गाडी चालवायचा, आई माझ्यावर बसून मागून बोलत राहायची. "हळू रे, मी काय पोतं आहे का?"

मग गाडी आणखी पळावी म्हणून त्याला वजन कमी करायचं खूळ लागलं. स्वतःचं नव्हे, गाडीचं! आधी स्टेपनी गेली, मग पायाखालचा गालिचा, मग आवाज अडवायला पत्र्यावर चिकटवलेल्या डांबरी चादरी. एकेक वस्तू काट्यावर ठेवून हा आपला खूश. मिस्त्री म्हणाला, "साहेब, एवढं खरवडण्यापेक्षा चार घास कमी खा. एका सीटएवढं वजन तर तुमच्या पोटावरच आहे."

मला हसू आलं. दुसऱ्याच दिवशी मला काढलं.

पण गाडीच्या सरकारी कागदावर सीट तर गाडीत सीट, असा नियम. म्हणून दरवर्षी तपासणीच्या दिवशी मला झटकून, बोल्ट आवळून परत बसवायचे. संध्याकाळी पुन्हा भिंतीला. माहेरवाशीणसुद्धा यापेक्षा जास्त दिवस राहते.

आईनं तो दिवस बरोबर हेरला. इस्त्रीचे कपडे, हातात पर्स, दारात हजर.

"आई, तपासणीला चाललोय, फिरायला नाही."

"मग मी कुठे बागेत ने म्हणतेय? आज मागे जागा आहे, मी बसणार. तुझ्या त्या पुढच्या कढईसारख्या खोल सीटमध्ये बसले, तर मला काढायला क्रेन लागेल."

सोललेली गाडी रिकाम्या डब्यासारखी वाजायची. आई मागून काय बोलतेय, ते पुढे काही ऐकू जायचं नाही. गुडघ्यांचं, झोप न लागण्याचं, सगळं मीच ऐकलं.

यंदा त्यानं कागदच बदलून आणले. ती नेहमीसारखी तयार होऊन आली आणि गाडीत डोकावली. मागे नुसता पत्रा.

"आता दोनच सीट, आई. सगळं कायदेशीर आहे."

"असेल. तू चोरी केलीस असं कुठे म्हणाले मी?"

तिनं मिस्त्रीकरवी मला आडवी करवली आणि पर्स मांडीवर घेऊन बसली. "जा. उशीर होईल."

गाडी गेली. आई या वेळी माझ्याशीही काही बोलली नाही. तेवढं मला जड गेलं.

तो परतला तो भंगारवाल्याला घेऊनच. "आई, ऊठ. सीट न्यायला आलेत."

"मग मलाही टाक म्हणावं टेम्पोत. दोघींचं वजन एकदमच होऊ दे."

इंजिन बंद होतं. माझ्यावर बसून ती बोललेलं कितीतरी वर्षांनी त्याला स्पष्ट ऐकू आलं. किल्ली खिशात टाकताना तिचा गुडघे चोळणारा हात त्याला दिसला. मग तिच्या शेजारी येऊन टेकला.

"गुडघे फार दुखतात का गं?"

"आज विचारतोयस?" ती म्हणाली आणि जरा सरकली.

माझ्या स्प्रिंगा करकरल्या. दोघांचं ओझं आता झेपत नाही मला. फोम बसलाय, शिवण उसवलीय. बाहेर भंगारवाला हॉर्न वाजवतोय. जायला माझी ना नाही, थकलेय मी. पण कुणीतरी त्याला सांगा, जरा थांब म्हणावं. आईनं आत्ता कुठे बोलायला सुरुवात केलीय.