खडूची रेघ

समजा, तुम्ही एका मोठ्या टेबलाखाली बसला आहात. हातात लोहचुंबक आहे आणि फरशीवर सांडलेल्या टाचण्या तुम्ही वेचता आहात. वर कात्री चालते आहे. ती दिसत नाही, नुसती ऐकू येते. कर्र, कर्र, आणि मध्येच गप्प. गप्प झाली की ओळखायचे, आजोबा विचार करताहेत.

टेबलाखाली खरोखर बसली होती ती ठमी. कात्री होती तिच्या आजोबांच्या हातात. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणे, पण ते शाळेतले मास्तर नव्हते. कपड्यांच्या कारखान्यात कोटाचे कापड बेतून कापायचे काम त्यांनी जन्मभर केले होते.

"ठमे, सापडल्या का सगळ्या?"

"एक तर माझ्या पायालाच सापडली."

"मग ती तुझी. आता जरा पाणी आण बरं मला."

"तांब्या भरलेलाच आहे की तुमच्याजवळ."

"हे कोमट झालंय. गार आण."

ठमी स्वयंपाकघरात गेली. तसा मास्तरांनी कोटाच्या पुढच्या डाव्या भागाचा कागदी साचा कापडावर ठेवला, आणि एका बोटाने तो अगदी थोडासा फिरवला. शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही कळले नसते, इतका थोडा. साच्याभोवती त्यांनी खडूने रेघ ओढली, केसासारखी बारीक. मग कात्री लावली आणि शीळ घालू लागले.

"ऐकलंत का?" आतून सून नवऱ्याला म्हणाली. "बाबा चक्क शीळ घालताहेत."

"घालू दे की. शीळ घालणारा माणूस पडदे मोजत नाही."

कापडाला उभा धागा असतो आणि आडवा धागा असतो, हे ठमीला सुट्टी लागताच आजोबांनी शिकवले होते. कोटाचा तुकडा उभ्या धाग्याला धरून कापला, तर तो जन्मभर सरळ राहतो. जरासा तिरका कापला, तरी पहिल्या दिवशी काही दिसत नाही. आरशात कोट छान दिसतो. पण अंगाची ऊब लागली, दोनचार इस्त्र्या झाल्या, की ती बाजू हळूहळू पिळवटते. गुंड्यांची ओळ एका अंगाला सरकते. माणूस सारखा कोट ओढून नीट करतो, आणि तो नीट होत नाही. कुठे बिघडले ते त्याला सांगता येत नाही, म्हणून भांडताही येत नाही.

असा कोट मास्तर धाकट्या मालकांसाठी कापत होते.

थोरले मालक होते तोवर सगळे ठीक होते. त्यांच्यामागे धाकटे आले, त्यांनी यंत्रे आणली, आणि मास्तरांचा निरोपाचा दिवस ठरला. मास्तर त्या दिवशी ठमीला बरोबर घेऊन गेले होते. भाषण चांगले चालले होते. मग धाकटे मालक हसत म्हणाले, "मास्तरांना आता आराम हवाच. खरं सांगायचं तर त्यांना आताशा दिसतंय कुठं? अंदाजानं कापतात. कापड बिचारं घाबरून सरळ कापलं जातं!" सगळे कामगार हसले. आणि त्या हशातच मालकांनी मास्तरांची मोठी कात्री उचलली आणि नव्या कटरच्या हातात दिली. कात्री कारखान्याची होती, हे खरेच. पण तिच्या मुठीत मास्तरांच्या अंगठ्याएवढाच खळगा पडला होता. नव्या कटरने मूठ धरली तेव्हा त्याचा अंगठा त्यात नीट बसेना.

हशा थांबल्यावर एक बारीक आवाज आला होता.

"माझ्या आजोबांना सगळं दिसतं!"

मग लोक पुन्हा हसले. पहिल्यापेक्षा जास्त.

घरी आल्यावर मास्तर पहिल्यांदा रिकामे बसले. मग त्यांनी घरातले सगळे पडदे मोजले आणि सुनेला सांगितले की एक आखूड आहे. गळत नसलेला नळ उघडून गळता केला. मुलगा कामावर निघाला की त्याच्या शर्टाची शिवण तपासायला त्याला दारात थांबवू लागले. सून मैत्रिणीला म्हणाली, "आता एक दिवस माझी मान मोजून सांगतील, इंचभर लांब आहे."

आणि एका सकाळी धाकटे मालक स्वतःच दारात उभे राहिले. बगलेत गडद निळ्या कापडाचा गठ्ठा होता. कारखान्यात नव्या विभागाचे उद्घाटन होते, मोठमोठे पाहुणे येणार होते. मालकांचा उजवा खांदा जन्मापासून थोडा उतरता होता. यंत्राला तो सांभाळता येत नव्हता.

"म्हटलं, मास्तर घरी रिकामेच असतात," ते खुर्चीवर बसत म्हणाले. "तेवढाच विरंगुळा."

सून दाराआडून बघत होती. आता म्हातारा काय बोलतो म्हणून तिने पदराचे टोक मुठीत धरले होते. मास्तरांनी कापड हातात घेतले, दोन बोटांत चोळले, आणि फार मऊ आवाजात म्हणाले,

"कापड जरा सढळ आणा मालक. आणखी एक तुकडा लागेल."

त्या दिवसापासून मास्तर बदलले. पहाटे उठू लागले. दाढी रोज. जेवायला हाक मारली की "आलो, आलो" म्हणत आणि येत नसत. घरातली जुनी कात्री दगडावर घासून त्यांनी अशी धारदार केली, की ठमीला तिच्या आसपास फिरकू देत नसत. मुलगा शेजाऱ्यांना सांगू लागला, "माणसानं निवृत्तीनंतर कसं राहावं ते आमच्या बाबांकडून शिका. मनात राग नाही, लोभ नाही. बस, काम!"

मास्तर हे ऐकत आणि सुईत दोरा ओवत. एकाच फटक्यात ओवत.

ठमीला ते रोज काहीतरी शिकवायचे. रेघ बारीक ओढायची, कारण जाड रेघेवर कात्री कुठे चालवायची तेच कळत नाही. "जाड रेघ म्हणजे कापणाऱ्याचा स्वतःवर विश्वास नाही," असे ते म्हणत. धागा कसा ओळखायचा तेही शिकवले. कापडाची कड दोन हातांत धरून ओढायची. उभ्या धाग्यावर असेल तर ती हटत नाही. तिरकी असेल तर सैल सुटते, गालासारखी. मग ते ठमीचा गाल ओढून दाखवत. आणि उरलेल्या निळ्या कापडाचे तिला जाकीट शिवून द्यायचे कबूल झाले होते. तो तुकडा ती उशीखाली घेऊन झोपायची.

मालक कोट अंगावर घालून बघायला आले. कोट अजून कच्च्या टाक्यांवर होता. आरशात त्यांनी डावीकडून पाहिले, उजवीकडून पाहिले. दोन्ही खांदे सारखे दिसत होते.

"वा मास्तर! हात तोच आहे की अजून."

"तुमच्यासाठी मुद्दाम वेगळा कापलाय," मास्तर त्यांच्या खांद्यावरचा धागा झटकत म्हणाले.

"बरोबर. आमच्या कटरला हे यायचं नाही."

"नाही. त्याला हे नाही यायचं."

मास्तर त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेले. परत येताना शीळ दारापासूनच ऐकू आली. संध्याकाळी पक्की शिवण घालायची, अस्तर लावायचे, सकाळी कोट द्यायचा. मग पाहुणे, दिवे, भाषण. मालक व्यासपीठावर उभे राहतील आणि डावी बाजू खाली ओढतील. पुन्हा ओढतील. मास्तरांनी आपल्या सदऱ्याची डावी बाजू तशी ओढून पाहिली आणि एकटेच हसले.

ते आत आले तेव्हा ठमी टेबलापाशी उभी होती. तिला कच्चे टाके उसवायला सांगितले होते, पण तिने ते उसवले नव्हते. कोटाची उजवी कड तिने दोन हातांत धरून ओढली. मग डावी. मग पुन्हा उजवी.

"काय ग?"

तिने डावी कड पुढे केली आणि ओढून दाखवली. कड सैल सुटली.

मास्तरांची शीळ थांबली.

"शाबास," ते हळूच म्हणाले. "बोटं तयार झाली तुझी."

पण शाबासकीने ठमीचा चेहरा फुलला नाही. ती त्यांच्या डोळ्यांकडे बघत होती. आधी एका, मग दुसऱ्या. जवळ येऊन तिने त्यांच्या तोंडासमोर हात हलवला.

"आजोबा, तुम्हांला खरंच दिसत नाही?"

बाहेर मुलगा कुणाला तरी सांगत होता, आमचे बाबा बघा, सकाळपासून कामात. मास्तर खुर्चीवर बसले. सगळे दिसते ग, असे सांगणे काही अवघड नव्हते. मग ती पुढचे विचारणार. दिसत होते, तर असे का कापले? त्यांनी टेबलावरचा खडू उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. त्यांची बोटे पांढरी झाली.

"मी तेव्हा सगळ्यांसमोर सांगितलं होतं," ठमी म्हणाली. "तुम्हांला सगळं दिसतं म्हणून."

मास्तरांनी मान खाली घातली.

"नाही दिसलं ग," ते म्हणाले. "चुकलं माझं."

ठमीने जाऊन दार लावून घेतले, आवाज न करता. उशीखालून आपला निळा तुकडा आणला, टेबलावर पसरला आणि तळहाताने सारखा केला. कडेचा एक उभा धागा ओढून काढला, म्हणजे सरळ कुठे ते दिसेल. त्या धाग्याला धरून डाव्या भागाचा साचा ठेवला.

"आपण कुणाला सांगायचं नाही," ती कुजबुजली. "तुम्ही फक्त कापा."

तिने आजोबांच्या हातातून खडू घेतला आणि साच्याभोवती रेघ ओढली. मग त्यांच्याकडे एकदा पाहिले, आणि तीच रेघ पुन्हा गिरवली, आणि पुन्हा, त्यांना दिसावी म्हणून, बोटाएवढी जाड होईपर्यंत.