पाणी लागलं का?

यंत्राची दांडी एकाएकी पुरुषभर खाली आदळली. ड्रिलवाल्याने झटक्यात कळ ओढली. घरघर थांबली आणि भोकातून भसकन हवा वर आली. तिच्यामागोमाग हिरवट धूळ.

"पोकळी आहे, ताई. दगड संपला."

खनिजतपासणीची जबाबदारी जिच्यावर होती ती, पलीकडे बसलेल्या म्हातारीची लेक, नकाशावर वाकली. जुन्या नकाशात इथे बोगदा होता खरा, पण निळ्या शाईने रंगवलेला. म्हणजे पाण्याने भरलेला. त्याच बोगद्यात तिचे वडील गेले होते. पाणी लोंढ्याने शिरलं, कुणाला काही कळलंसुद्धा नाही, असं आई सांगत आली होती. त्या एका वाक्याच्या आधारावर मायलेकींनी आयुष्य काढलं.

आई पलीकडे ताडपत्रीच्या सावलीत डबा सोडत होती. बंद पडलेल्या या तांब्याच्या खाणीत बॅटऱ्यांसाठी कोबाल्ट किती उरलाय, ते पाहायला लेक आली, तेव्हापासून म्हातारी रोज जेवण घेऊन यायची. "तेव्हा कचरा म्हणून टाकलात, आता तेच शोधताय," ती हसायची. "सुनेचे गुण सासूला उशिरा कळावेत, तसं झालं बघ."

आता मात्र तिने हात थांबवून विचारलं, "काय ग, पाणी लागलं का?"

लेकीने भोकात टेप सोडली. टेपच्या टोकाचा शोधक पाण्याला टेकला की शिट्टी वाजते. टेप सुटत गेली, सुटत गेली आणि तळाशी सैल पडली. शिट्टी नाही. तिने पुन्हा उचलून सोडली. नाहीच. शोधक वर आला तो धुळीने माखलेला, कोरडा ठणठणीत.

"इथे पाणी कधी शिरलंच नाही, ताई," ड्रिलवाला हळूच म्हणाला. "गाळाचा कण नाही."

देव कधी कधी असं दार उघडतो की आत डोकावायची छाती होत नाही. पाणी नव्हतं. म्हणजे ते बुडाले नव्हते. म्हणजे...

"अग, लागलं का?"

लेकीने आईकडे पाठ केली. शेजारी पिण्याच्या पाण्याचा पेला होता. तिने शोधक त्यात बुडवला. शिट्टी वाजली.

"लागलं, आई."

ड्रिलवाल्याला देवाने बुद्धी दिली. तो मान खाली घालून पाना पुसू लागला.

गुडघ्यांवर हात टेकत आई आली, दगडावर बसली, आणि घसा कोरडा पडला म्हणून नेमका तोच पेला उचलला. लेकीचा हात अर्ध्यावर पुढे झाला नि तिथेच राहिला. आईने पेला उजेडाकडे कलता केला. तळाशी हिरवट धूळ बसत होती.



"कंपनी पाणी म्हणाली," ती म्हणाली. "मीही तुला पाणीच सांगितलं. तू एवढीशी होतीस."

"आई..."

"दरड कोसळली होती ग. अलीकडून कान लावला की पलीकडून ठोकलेलं ऐकू यायचं. ठोकणं थांबलं, तेव्हा मी घरी आले आणि तुला मांडीवर घेतलं."

लेक तिच्यापाशी खाली बसली. पाना पुसणारा हात थांबला.

आईने पेला तोंडाला लावला. घोट घोट करत, तळच्या धुळीसकट, सगळं प्यायली. मग हाताच्या पाठीने ओठ पुसले.

"ऊठ," ती म्हणाली. "जेवण निवतंय."