मोगऱ्यातली सुई

कृतिकाचं लग्न तोंडावर आलं आणि तिच्या आईने आरंभलेली साखळी अर्ध्यावरच अडली. चांदीची तार गुंडाळायची, कापून कड्या करायच्या आणि एकेक कडी ओवत जायची, असं मैत्रेयीचं गुरुग्रामच्या फ्लॅटमध्ये कौतुकाने चाललं होतं. मग संधिवाताने बोटं आखडली. "राहू दे, दुकानातली घेऊ," म्हणत तिने डबा बंद केला खरा, पण तेव्हापासून ती गप्पच झाली. तिच्या नवऱ्याला, यतीनला, ते बघवेना.

नवरा इंजिनिअर असला की त्याला जग मापात दिसतं. बायको बाहेर गेल्याची संधी साधून त्याने तिची कडी आतून मोजली, ऑनलाइन आणलेल्या, तार गुंडाळायच्या संचातली बरोब्बर तेवढीच जाड सळई निवडली, ती हँडलात बसवून फिरवत तार गुंडाळली, बारीक करवतीने कापली. कड्या मोठ्या झाल्या. पुन्हा केल्या, पुन्हा मोठ्याच!

मैत्रेयी परतली तेव्हा साहेब कड्यांच्या ढिगाऱ्यात घाम पुसत होते.

"अरे यार, माप तर बिल्कुल बरोबर आहे!"

"सळईवरून सुटली की तार अंग सैल सोडते. सळई जरा बारीकच घ्यायची." कितीतरी दिवसांनी ती हसली. "आणि मी ही वापरलीच नाही. माझी विणायची सुई होती."

"कुठंय ती?"

"रोज पाणी घालतोस तिला."

काखेत कळसा नि गावाला वळसा! बाल्कनीतल्या मोगऱ्याला सुईचा टेकू होता. हिच्यावरच कृतिकाचं पहिलं टोपडं विणलं होतं, आणि साखळीचा डबा बंद केला त्या दिवशी मैत्रेयीनेच ती कुंडीत खोचली होती. यतीनने सुई उपसली आणि मोगऱ्याला आपली सळई लावून टाकली.

मग सुई हँडलात बसवून तो ते फिरवू लागला, ती अंगठ्याने तार दाबून धरू लागली. "ओढून फाकवू नकोस रे, कडी आडवी मुरड," असं रागावत रागावत साखळी पुरी झाली.

फसलेल्या कड्या यतीन कचऱ्यात टाकायला निघाला, तर तिने त्याचा हात धरला.

"एक ठेव. टोकाला मोठीच कडी लागते, नाहीतर आकडा अडकवायचा कशात?"

ती कडी मिटायला एक पकड त्याने धरली, दुसरी तिने हट्टाने घेतली. तिच्या कपाळावर आठी उमटली.

"दुखतंय ना?"

"दुखतंय. तू घट्ट धर."