भाड्याच्या घराचा दरवाजा

मित्रांनो, दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या घराचा मी दरवाजा आहे. वय झाले. एक बिजागरी कुरकुरते आणि अंगावर रंगाचे इतके थर चढलेत की माझे मूळ लाकूड मलाच आठवत नाही.

मला घडवणारा सुतार अबोल होता. रंधा मारून झाल्यावर तो एवढेच म्हणाला, "आत शिरलं की माणसाला वाटलं पाहिजे, बाहेरचं बाहेर राहिलं." मला बसवल्यावर घरमालकीण मावशींनी मला उघडून-मिटून पाहिले. "वा! हूं नाही की चूं नाही!" त्या खूश झाल्या.

पुष्कळ भाडेकरू आले नि गेले. दोघे भाऊ तर असे भांडत, की एकमेकांवरचा राग माझ्यावर निघे. पुढे घड्याळे दुरुस्त करणारे काका, काकू आणि त्यांची लहानगी लेक राहायला आली. ती माझ्या कडीला लोंबकळून झोके घ्यायची. एकदा तिला ताप भरला. काका तिला उचलून दवाखान्यात घेऊन गेले, ती परतलीच नाही.

त्यानंतर काकू बाहेरच्या माणसांशी बोलेनाशा झाल्या. दिवसभर कडी लावून बसत. काका आले की मात्र हळूहळू बोलत, कधी खिडकीपाशी बसून शिवत. घर पुन्हा सावरू लागले होते.

तेवढ्यात शहरात नवा नियम आला. भाड्याचे प्रत्येक घर दरवर्षी आतून तपासायचे, कुणाची तक्रार असो वा नसो. कुठेतरी एक मोडकळीला आलेले घर भाडेकरूंवर कोसळले होते, म्हणून हा नियम. हेतू वाईट नव्हता, हे मीही मान्य करतो.

तपासनीस आले तेव्हा काका दुकानात होते. तपासनीस साहेबांनी मला ठोठावले. काकूंनी कडी काढली होती, पण उघडायचा धीर होईना. नियमाला घाबरून, सोबत आलेल्या मावशींनी आपल्या किल्लीने मला उघडले. साहेबांनी खिडक्या पाहिल्या, नळ पाहिले आणि भिंतीतले कपाट उघडले. आत छोट्या झग्यांच्या घड्या होत्या.

"घरात दोघंच राहतात म्हणालात ना? मग हे मूल कुठंय?"

काकू भिंतीला टेकून खाली बसल्या. मावशी पुटपुटल्या, "अहो साहेब, ते लेकरू गेलं."

साहेब ओशाळले. माफी मागून निघून गेले. पण त्या दिवसापासून काकू कडी लावून वर खुर्चीही टेकवू लागल्या. मित्रांनो, दरवाजा असून मी कुणाला आधार वाटत नव्हतो. याहून मोठे दुःख मला ठाऊक नाही.

पुढच्या वर्षी तपासणीच्या दिवशी काका दुकान बंद ठेवून माझ्यापुढे उभे राहिले.

"काका, नियम आहे. चुटकीसरशी होईल," साहेब म्हणाले.

"मी तक्रार केली का?"

"नाही."

"या मावशींनी? शेजाऱ्यांनी?"

"नाही, पण उद्या काही झालं तर?"

"तर मी स्वतः तुमच्याकडे येईन. पण उगाच कुणाला आत घेणार नाही."

साहेब मावशींकडे वळले. "किल्ली तुमच्याकडे आहे. उघडा, नाहीतर घर भाड्यानं द्यायचा परवाना जाईल."

मावशींचे पोट या भाड्यावरच होते. तरी किल्ली त्यांनी मुठीत घट्ट धरली. "दरवाजा माझा आहे साहेब, पण घर यांचं आहे. एकदा चुकले, आता नाही."

परवाना गेला. काका-काकूंना घर सोडावे लागेल, अशी बोलणी ऐकू येऊ लागली. काका कोर्टात गेले. गल्लीतले बाकीचे भाडेकरूही त्यांच्या मागे उभे राहिले. एके संध्याकाळी काका घरी येऊन काकूंना सांगू लागले, "न्यायाधीशांनी विचारलं, तुम्हाला लपवायचं काय आहे? मी म्हटलं, लपवायचं काही नाही साहेब, जपायचं आहे."

शेवटी निकाल लागला. जिने, गच्ची जरूर तपासा. पण राहत्या घरात पाऊल टाकायचे, तर राहणाऱ्याची परवानगी हवी. ती नसेल, तर ठोस कारण दाखवून कोर्टाचा हुकूम आणा. मावशींचा परवाना परत मिळाला.

काही महिन्यांनी स्वयंपाकघरातल्या बटणातून ठिणग्या उडू लागल्या. दुरुस्तीवाला येऊन गेला, तरी उडतच राहिल्या. तेव्हा काकूच म्हणाल्या, "त्या साहेबांना बोलवा."

काका लगेच चपला घालून निघाले.

साहेब आले. मला हलकेच एकदा ठोठावून बाजूला उभे राहिले. काकूंनी कडी काढली आणि मला पूर्ण उघडून म्हणाल्या, "या." साहेबांनी वायर तपासली आणि सगळ्या वायरी बदलायला मावशींना सांगितले. कपाटाकडे त्यांनी पाहिलेही नाही.

मित्रांनो, बिजागरीला तेल घाला, मला आपटू नका, एवढे तर सगळेच दरवाजे मागतात. माझे मागणे थोडे वेगळे आहे. कुणाच्याही बंद दारापुढे, तुमचे काम कितीही चांगले असो, ठोठावून जरा थांबा. आतल्या माणसाला उठून यायला वेळ लागतो.