अंगण कोरडं असेल तर

"मॅडम, हे ॲप एकाच प्रकारच्या फोनसाठी लिहू नका," धनंजय म्हणाला होता. पवनीत आम्ही एकाच संगणक वर्गात शिकवायचो. "गजराची घंटा तेवढी प्रत्येक फोनच्या स्वतःच्या भाषेत ठेवा. बाकीचं कोणत्याही फोनवर चालेल असं करा. दोन्ही लागते."

मी हसले. "आईजवळ एकच फोन आहे. मले काय दुकान टाकायचं आहे?"

माझी आई, बायजाबाई, सिहोऱ्याला एकटी राहते. शेजारच्या पुष्पाकाकू रोज सकाळी तिच्या अंगणात शेणाचा सडा पडला का ते पाहायच्या. नसला पडला की हाक मारायच्या. गुड्डी झाली, माझं जाणं थांबलं, म्हणून मी ॲप तयार केलं. सहाला घंटा वाजायची, आई बटण दाबायची, माझ्या फोनवर हिरवा ठिपका यायचा. काकूंना मीच ऐटीत सांगितलं, "आता तुम्ही नका पाहत जाऊ."

दसऱ्याला सुटीवर आलेल्या माझ्या भावानं, अश्विननं, आईला आपला जुना फोन दिला. दुसऱ्या कंपनीचा. त्यावर माझं ॲप चढेचना. मग घाईघाईत सगळंच नव्यानं लिहिलं, कोणत्याही फोनवर चालणारं, आणि जुनं टाकून दिलं. बटण आलं. पण स्क्रीन बंद झाली की घंटाही झोपायची. त्या फोनच्या भाषेत ती वेगळी लिहायला हवी होती. आई म्हणाली, "राहू दे वं. मले घंटा कायले लागते?" महिनाभर तिच्या ध्यानात राहिलंही.

आज दहा वाजले तरी ठिपका नाही. विसरली असेल. फोन वाजतो, उचलत नाही.

काकूंना लावला, अंगण पाहता का विचारलं. मागे बायांचा गलका.

"मी तं पहाटेच टेम्पोनं धान कापाले आली वं. सांजेबिगर गाडी नाही. अन् तूच म्हणलं होतं ना, नका पाहू! तुया ॲपले विचार."

"ठिपका आला नाही काकू, आई फोनही उचलत नाही," मी हुंदके देत सांगितलं.

"रडून राहिली का? थांब माय, गावात कोणी फोन उचलते का पायतो."

अजून कोणी उचललेला नाही. गुड्डी तापानं फणफणली आहे, मांडीवरून उतरत नाही. पवनीहून सिहोरा म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक.

हे वाचणारं कोणी सिहोऱ्यात असेल, तर बुद्धविहारामागं निळ्या दाराचं घर आहे. माझ्या ठिपक्याची वाट नका पाहू. अंगण पाहा. कोरडं असेल तर आईला हाक मारा. ओ आली नाही तर दार ढकला, कडी सैल आहे.